डब्यावरचा गवा

राधानगरी-दाजीपूरच्या रानात, चंदगडच्या उसात किंवा खानापूरच्या जंगलकडेला ज्यांनी गवा पाहिला आहे, त्यांना त्याची ओळख करून द्यायला नको. काळाभोर देह, मानेमागे उंचवटा आणि चारही पायांत पांढरे मोजे चढवल्यासारखी खूण. गोव्याने तर त्याला राज्यप्राण्याचा मान दिला आहे. हाच आपला गवा आज जगातल्या बहुतेक मोठ्या शहरांच्या दुकानांत ॲल्युमिनियमच्या डब्यावर शिंगे रोखून उभा आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. थाई भाषेत ‘क्राटिंग’ म्हणजे गवा आणि ‘डेंग’ म्हणजे तांबडा. ‘क्राटिंग डेंग’ या नावाचे पेय थायलंडात १९७०च्या दशकाच्या मध्यास निघाले. पुढे ते युरोपात गेले तेव्हा त्याचे इंग्रजी नाव ‘रेड बुल’ झाले आणि गव्याचा वळू झाला. भाषांतरात एवढे नुकसान व्हायचेच.

या डब्याला आणि त्याच्या असंख्य भावंडांना ‘एनर्जी ड्रिंक’ म्हणतात. वर्तमानपत्रवाले ‘ऊर्जापेय’ लिहितात. आपल्या मराठीत शक्ती, ताकद, बळ हे शब्द एका बाजूला आहेत आणि ‘तरतरी’ हा शब्द निराळा आहे. आपल्या आज्यांनी चहाला तरतरीचा मान दिला, ताकदीसाठी त्यांनी खारीक-खोबरे आणि डिंकाचे लाडूच पुढे केले. शास्त्रही तेच सांगते. पाव लिटरच्या नेहमीच्या डब्यात साधारण २७ ग्रॅम साखर असते, तिच्यापासून मिळतात शंभराच्या आसपास कॅलरी. एवढी ऊर्जा लहानशा भाकरीतही असते. डबा ज्याच्यासाठी विकत घेतात ती गोष्ट म्हणजे कॅफीन, आणि कॅफीनमध्ये शरीराला लागणारी ऊर्जा काडीचीही नाही. दिवसभर काम करणाऱ्या मेंदूत अॅडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. ते आपल्या जागी जाऊन बसले की मनुष्य पेंगुळतो. कॅफीनची घडण अॅडिनोसिनशी इतकी मिळतीजुळती की ते त्याच्या जागा अडवून बसते. थकवा दारात उभाच असतो, त्याला आत येऊ दिले जात नाही इतकेच.

मी इतिहासाचा विद्यार्थी, रसायनाचा नव्हे. पण गेल्या पूर्वपरीक्षेनंतर आमच्या शाळेच्या मागील कुंपणाशी झाडलोट करणाऱ्या मावशींनी रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्यांचे पोते भरून माझ्या खोलीसमोर आणून ठेवले. तांबड्या, निळ्या, हिरव्या, सगळ्या याच जातीच्या. एसएसएलसीची मुले रात्री जागण्यासाठी हे पितात, असे कळले. तेव्हापासून या द्रव्याचा इतिहास शोधून वाचण्याचा नादच लागला.

कॅफीनच्या शोधाच्या कथेत एक मांजर आहे आणि एक महाकवी. फ्रीडलीब फर्डिनांड रुंगे हा हॅम्बुर्गजवळ १७९४ साली जन्मलेला जर्मन तरुण येना येथे शिकत होता. बेलाडोना या विषारी वनस्पतीचा अर्क डोळ्यात घातला की बाहुली मोठी होते, हे तो मांजरावर प्रयोग करून दाखवत असे. त्याची कीर्ती महाकवी गटे यांच्या कानावर गेली. कालिदासाच्या शाकुंतलावर मोहित झालेला म्हणून आपण शाळेत ज्याचे नाव ऐकतो, तोच हा गटे. त्याला विज्ञानाचाही मोठा षोक होता. १८१९च्या ऑक्टोबरात रुंगेला भेटीचे बोलावणे आले. उसना कोट आणि उसनी टोपी घालून, मांजर काखोटीस मारून तो भर बाजारातून निघाला, अशी आठवण त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. गटेने प्रयोग पाहिला, खूश झाला आणि निरोप देताना कॉफीच्या बियांची एक पुडी त्याच्या हाती ठेवून म्हणाला की, यांचेही पृथक्करण करून पाहा. कॉफी तेव्हा युरोपात महाग होती, त्यामुळे पुडी ही तशी भारी भेट होती. रुंगेने लवकरच तिच्यातून पांढरे, कडू स्फटिक वेगळे काढले. तेच कॅफीन.

चहातून १८२७ साली असेच द्रव्य निघाले आणि त्याला ‘थीन’ हे वेगळे नाव मिळाले. दोन्ही एकच, हे १८३८ साली सिद्ध झाले. म्हणजे ‘मी कॉफी सोडली, आता फक्त चहा घेतो’ असे म्हणणाऱ्या मंडळींचा दावा तेव्हापासूनच थोडा लंगडा आहे. १८९५ साली एमिल फिशर या रसायनशास्त्रज्ञाने कॅफीन प्रयोगशाळेत तयारही केले. रुंगेची अखेर मात्र चांगली झाली नाही. डांबरातून कार्बोलिक आम्ल आणि रंगाच्या कारखान्यांना पुढे सोन्यासारखे ठरलेले अॅनिलीन वेगळे काढणारा हा माणूस १८६७ साली दारिद्र्यातच वारला. त्याच्या शोधांवर दुसऱ्यांचे कारखाने उभे राहिले.

एकदा द्रव्य वेगळे निघाले की ते पुन्हा कशातही घालता येते. कॅफीनच्या पुढच्या सगळ्या इतिहासाची ही किल्ली आहे. चहा-कॉफीत ते पानाबीसह येत होते आणि घोटाघोटाने पोटात जात होते. आता ते पोत्यात भरून विकता येऊ लागले. अमेरिकेतील मोन्सँटो या कंपनीच्या आरंभीच्या मालात सॅकरिनबरोबर कॅफीनही होते आणि त्याचे मोठे गिऱ्हाईक होते कोका-कोला. कॅफीन काढायला कच्चा माल लागे तो चहाच्या कारखान्यातला टाकाऊ चुरा. आपल्याकडे या चुऱ्याच्या व्यवहारावर नियंत्रण ठेवणारा सरकारी आदेश १९५९ सालचा आहे. एरवी हाच चुरा भेसळ होऊन आपल्या कपात येण्याची भीती असते.

आता या इतिहासातल्या सर्वांत रंगतदार प्रकरणाकडे येतो. जॉन पेंबर्टन या अटलांटाच्या औषधविक्याने १८८६ साली कोका-कोला काढले. १९०६ साली अमेरिकेत शुद्ध अन्न व औषध कायदा झाला. तो व्हावा म्हणून ज्याने जन्म वेचला तो हार्वे वायली हा शेतकी खात्याच्या रसायन विभागाचा प्रमुख होता. काहीसा हट्टी, काहीसा प्रसिद्धीप्रिय, पण मनाने स्वच्छ. त्याचा कॅफीनवर दात होता. त्याचे म्हणणे असे की, चहा-कॉफीत कॅफीन आहे हे आईबापांना ठाऊक असते, म्हणून ते मुलांना जपून देतात. सोड्याच्या दुकानातल्या गोड पाण्यात ते आहे हे कोणाला कळणार? १९०९च्या ऑक्टोबरात अटलांटाहून चॅटानूगाला चाललेला कोका-कोलाच्या पाकाचा माल सरकारने जप्त केला. मोठी पिंपे चाळीस, लहान वीस. अमेरिकन पद्धतीप्रमाणे खटला थेट त्या पिंपांवरच झाला, म्हणून त्याचे नाव ‘अमेरिकेची संयुक्त संस्थाने विरुद्ध कोका-कोलाची चाळीस पिंपे व वीस पिंपुकल्या’ असे गमतीदार पडले. ‘पिंपुकल्या’ हा शब्द माझा.

खटला उभा राहायला दीड वर्ष गेले. कंपनीच्या वकिलांच्या ध्यानात आले की, कॅफीनचा माणसाच्या बुद्धीवर काय परिणाम होतो हे दाखवणारा धड प्रयोगच कोणी केलेला नाही. त्यांनी नामांकित मानसशास्त्रज्ञांना विचारले. कंपनीच्या पैशांनी संशोधन केले तर नावाला बट्टा लागेल म्हणून ती मंडळी बाजूला झाली. शेवटी बर्नार्ड कॉलेजातल्या हॅरी हॉलिंगवर्थ या तिशीतल्या प्राध्यापकाने काम पत्करले. कारण त्याने लपवले नाही, पैशांची गरज होती. त्याची पत्नी लीटा नेब्रास्कात शिक्षिका होती, पण न्यूयॉर्कमध्ये विवाहित बायकांना शाळेत नोकरी मिळत नसे. तिला पुढे शिकायचे होते. मात्र हॉलिंगवर्थने अटी घातल्या. निष्कर्ष काहीही निघाला तरी तो प्रसिद्ध करण्याची मोकळीक हवी आणि कंपनीने जाहिरातीत आपले किंवा विद्यापीठाचे नाव वापरायचे नाही.

मॅनहॅटनमध्ये सहा खोल्यांचे एक घर भाड्याने घेतले. सोळा माणसे, दहा पुरुष आणि सहा स्त्रिया. चाळीस दिवस रोज नेमून दिलेल्या वेळी चाचण्या: बोटांची चपळाई, रंग ओळखणे, बेरजा, टंकलेखन, हाताची स्थिरता. रोजची देखरेख लीटाकडे होती. खरी हुशारी पुढेच आहे. काही पुड्यांत कॅफीन असे, काहींत नुसती दुधातली साखर. कोणत्या पुडीत काय आहे हे घेणाऱ्याला माहीत नसे आणि चाचणी घेणाऱ्यालाही नसे. औषधांच्या परीक्षेत आज जी रीत प्रमाण मानतात, तिचे हे इतके काटेकोर उदाहरण त्या काळात विरळा. मला यात इतिहासाचा थोडा विनोदही दिसतो. व्यापारी कंपनीच्या पैशातून, बायकोच्या शिक्षणासाठी, विज्ञानाचा एक नमुनेदार प्रयोग झाला. लीटा हॉलिंगवर्थ त्या पैशावर शिकली आणि पुढे बुद्धिमान मुलांच्या शिक्षणावर तिने केलेले काम शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत टिकून राहिले.

निष्कर्ष काय निघाला? कॅफीनने हाताचे व डोक्याचे काम काही तास वेगाने होते, आणि थोड्या मात्रेत झोपेवरही फारसा परिणाम होत नाही, मोठ्या मात्रेत होतो. सोळांत शाळकरी मूल एकही नव्हते, हेही ध्यानात ठेवायला हवे. कोका-कोलाच्या पाकातली त्या वेळची मात्रा दर ग्लासास १.२ ग्रेन, म्हणजे आजच्या मापाने ७८ मिलिग्रॅमच्या आसपास होती. आजच्या पाव लिटर ऊर्जापेयात असते तीही ७५ ते ८० मिलिग्रॅम. शंभरावर वर्षांत आकडा जागचा हललेला नाही!

हॉलिंगवर्थ आपले तक्ते घेऊन १९११च्या मार्चमध्ये साक्षीला उभा राहिला. पण गंमत अशी की, निकालात त्या तक्त्यांचा उपयोगच झाला नाही. न्यायाधीश सॅनफर्ड यांनी शास्त्राला हातच लावला नाही. कायद्यात ‘अपायकारक घटक बाहेरून मिसळलेला’ असावा असे शब्द होते. कंपनी म्हणाली, कॅफीन आम्ही मिसळत नाही, ते आमच्या कृतीचा अंगभूत भाग आहे. न्यायाधीशांनी ते मान्य केले. वायलीने १९१२ साली सरकारी नोकरी सोडली. सरकार मात्र वर गेले आणि १९१६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. न्यायमूर्ती ह्यूज यांचा मुद्दा बिनतोड होता: कृतीत लिहिले म्हणून पदार्थ ‘अंगभूत’ होत असेल, तर उद्या कोणी कृतीत विष लिहील आणि कायदा बघत बसेल. खटला पुन्हा चालायचा होता, पण १९१७ साली तडजोड झाली. कंपनीने खर्च भरला आणि पेयातले कॅफीन निम्म्यावर आणले. पिंपे परत मिळाली. कॅफीन अपायकारक आहे की नाही, याचा निवाडा कोणत्याच न्यायालयाने दिला नाही.

जे निम्मे कमी झाले ते पन्नास वर्षांनी दुसऱ्या दाराने परत आले. जपानात तैशो या औषध कंपनीने १९६२ साली ‘लिपोव्हिटान डी’ नावाचे पेय काढले. शंभर मिलिलिटरची तपकिरी काचेची बाटली, दिसायला आपल्या खोकल्याच्या औषधासारखी. तीत ५० मिलिग्रॅम कॅफीन, जीवनसत्त्वे आणि एक ग्रॅम टॉरिन. टॉरिन हे नाव लॅटिन ‘टॉरस’वरून, म्हणजे बैलावरून आले आहे, कारण १८२७ साली ते बैलाच्या पित्तातून प्रथम वेगळे काढले गेले. पेयातले टॉरिन कारखान्यात तयार होते, बैलाचा त्याच्याशी संबंध नाही. तरी आमच्या मुलांत याविषयी जी अचाट माहिती फिरते ती इथे छापण्यासारखी नाही.

हा जपानी नमुना पाहून थायलंडात चालिओ युविध्या या औषधविक्रेत्याने ‘क्राटिंग डेंग’ काढले. गरीब चिनी वसाहतवाल्याच्या घरात जन्मलेल्या या माणसाचे गिऱ्हाईक कोण, तर रात्रभर मालमोटारी हाकणारे ड्रायव्हर आणि मजूर. १९८२ साली डिट्रिख माटेशित्झ नावाचा ऑस्ट्रियन विक्री-अधिकारी बँकॉकला आला. तो टूथपेस्ट विकणाऱ्या कंपनीत होता. लांबच्या विमानप्रवासाचा शीण या पेयाने गेला, असे तो सांगे. १९८४ साली दोघांनी प्रत्येकी पाच लाख डॉलर घालून भागीदारी केली आणि १ एप्रिल १९८७ रोजी ऑस्ट्रियात डबा बाजारात आला. पाकासारखे गोड पेय थोडे सौम्य केले, त्यात फसफस घातली आणि किंमत मुद्दाम चढी ठेवली. मालमोटारीच्या ड्रायव्हरचे पेय डोंगरउतारावर बर्फावर घसरणाऱ्या श्रीमंत पोरांचे पेय झाले. फ्रान्सने टॉरिनच्या शंकेने २००८ सालापर्यंत त्याला दारात येऊ दिले नाही. लिथुआनियाने २०१४ साली आणि पोलंडने २०२४ च्या जानेवारीपासून अठरा वर्षांखालील मुलांना अशी पेये विकण्यास बंदी केली.

खेळाच्या मैदानावर कॅफीनची कथा उलट दिशेने गेली. ऑलिंपिकमध्ये ठरावीक मर्यादेपलीकडे कॅफीन १९८४ पासून निषिद्ध होते. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये एक ऑस्ट्रेलियन खेळाडू त्यापायी घरी पाठवला गेला. १ जानेवारी २००४ पासून ही बंदी उठली. मग पावडरींचा धंदा फोफावला. आपल्याकडे कोल्हापूर-बेळगावच्या तालमींत बदाम घोटून थंडाई करणारे वस्ताद अजून आहेत, पण शेजारच्या जिममध्ये व्यायामाआधी घ्यायच्या पावडरीचे प्लास्टिकचे बरणे रांगेने मांडलेले असतात. त्यांतल्या काहींच्या एका मापात दोनशे-तीनशे मिलिग्रॅम कॅफीन असते. शुद्ध कॅफीनची पूड तर आणखी भयंकर. तिचा एक चहाचा चमचा म्हणजे अठ्ठावीस कप कॉफी, असा इशारा अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने दिला. २०१४ साली तिथे दोन धडधाकट तरुण अशा पुडीने गेले होते. घरगुती गिऱ्हाइकाला अशी पूड ठोक स्वरूपात विकणे बेकायदेशीर आहे, असे त्या प्रशासनाने स्पष्ट केले ते २०१८ साली. चमचाभर मिठासारखी दिसणारी वस्तू घरातल्या काट्यावर मोजता येत नाही, ही यातली खरी मेख.

आता आपला हिशेब. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली सांगितले की, निरोगी प्रौढाने दिवसाकाठी ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन घेतले तर काळजीचे कारण नाही, गर्भवतीने २०० पर्यंत, आणि मुलांसाठी वजनाच्या दर किलोस ३ मिलिग्रॅम. आमच्या दहावीतला चाळीस किलोचा मुलगा धरा. त्याची मर्यादा १२० झाली. भारतात २०१६ च्या मानकाप्रमाणे अशा पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन चालते. म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत १५० पर्यंत असू शकते. घरचे दोन कप चहा निराळेच. शिवाय कॅफीन पोटात गेल्यावर ते निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात. रात्री नऊला बाटली संपवणाऱ्याच्या अंगात पहाटे दोनला निम्मा ऐवज शिल्लक असतो. तो जागतो खरा. पण दिवसा वाचलेले डोक्यात पक्के बसते ते झोपेत, आणि तीच झोप तो देऊन बसलेला असतो.

कायदा काय म्हणतो? शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरांच्या आत मुलांना काय विकू नये, याचे नियम २०२० साली झाले. ते मेद, साखर आणि मीठ यांचे. कॅफीनसाठी आहे तो बाटलीवरचा इशारा: लहान मुले, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या माता आणि कॅफीन न सोसणाऱ्या व्यक्ती यांच्यासाठी हे पेय नाही, दिवसाला ५०० मिलिलिटरच्या वर पिऊ नये. हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की कायदा तृप्त होतो. इतर भाषा हव्या तर वर घालाव्यात, सक्ती नाही. मावशींनी आणलेल्या पोत्यातल्या सगळ्या बाटल्या मी उलटसुलट करून पाहिल्या, सगळा मजकूर इंग्रजीत. आमच्या भागात दुकानाच्या पाटीवर कन्नड अक्षर किती उंच आणि मराठी किती, यावरून मोर्चे निघाले आहेत, डोकी फुटली आहेत. याच पाट्यांखाली विकल्या जाणाऱ्या बाटलीवरचा इशारा मात्र दुकानदाराला वाचता येत नाही आणि गिऱ्हाइकाच्या आईलाही येत नाही. त्याबद्दल कोणत्याही बाजूने निवेदन दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

नववीच्या वर्गाला मी प्रयोगशाळेतले भिंग देऊन तो मजकूर वाचायला बसवले. त्यांनी त्याचे मराठी केले, कन्नड विभागाच्या मुलांनी कन्नड केले आणि कन्नडच्या गुरुजींनी ते तपासून दिले. ‘नॉट रेकमेंडेड’ला ‘शिफारस केलेली नाही’ म्हणावे की सरळ ‘देऊ नये’ म्हणावे, यावर दोन्ही वर्गांत अर्धा तास कडाक्याचा वाद झाला. शेवटी दोन्ही भाषांत ‘देऊ नये’ ठरले आणि फाटकाजवळच्या फळ्यावर तेवढ्याच उंचीच्या अक्षरांत दोन्ही ओळी लिहिल्या गेल्या. कोणती ओळ वर आणि कोणती खाली हा प्रश्न निघालाच. मुलांनी त्या शेजारी शेजारी लिहिल्या.